दोन प्लेयर्स हँडबुक आणि डोईजड विझर्ड

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, १२ क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत. पहिल्या तीन-चार लेव्हलपर्यंत ते बऱ्यापैकी एका मापाचे वाटतात. पाचव्या लेव्हलला विझर्डच्या (जादूगाराच्या) हाती फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा स्पेल येतो आणि फायटर (शस्त्रांनी लढणारा योद्धा) घेतलेल्याची चिडचिड सुरू होते.

हिशोब मांडून बघू. फायरबॉलची २० फूट त्रिज्या, मार ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८. समोर सहा ऑर्क, प्रत्येकी १५ हिट पॉइंट (तेवढा मार बसला की आडवा). विझर्डचा इंटेलिजन्स १८ असेल तर सेव्ह (बचावाचा फासा) १५चा, आणि ऑर्कच्या डेक्सटेरिटीला (चपळाईला) +१, म्हणजे त्याला वीस बाजूंच्या फाशावर निदान १४ पडायला हवेत. सहातले चार जागीच आडवे. वाचलेल्या दोघांना निम्मं, म्हणजे १४. दोघेही एकेका पॉइंटावर लटकलेले. तेवढ्याच वेळात फायटरच्या ग्रेटस्वोर्डचे दोन वार, सरासरी ११चे. दोन्ही बसले तर एक ऑर्क पडतो.

पण गोम वेगळीच आहे. समोर ५९ पॉइंटांचा एकटा ओगर असेल तर फायरबॉल तेच २८ देतो, आणि अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नला जादा अ‍ॅक्शन, विश्रांतीनंतर परत मिळणारा) वापरणारा फायटर चार वार बसले तर ४४पर्यंत जातो. विझर्डला भारी बनवते ती झोप. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे ९ स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी, लाँग रेस्टनंतर पुन्हा भरणाऱ्या), शिवाय आर्केन रिकव्हरीने तिसऱ्या लेव्हलचा एक परत. २०१४च्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा कठीण लढती आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) गृहीत धरल्या आहेत. एवढ्यात वीसेक फेऱ्या सहज होतात. मग १० स्पेल पुरत नाहीत, निम्मा वेळ फायर बोल्टवर, म्हणजे स्लॉट न लागणाऱ्या कँट्रिपवर, काढावा लागतो, आणि फायटरला अ‍ॅक्शन सर्ज तीनदा मिळतो. पुष्कळ टेबलांवर मात्र एका सेशनला एकच मोठी लढत आणि लगेच आठ तासांची लाँग रेस्ट. विझर्डने सगळा दारूगोळा तिथेच उडवला तर नवल काय? ही अट खेळाडूंच्या पुस्तकात कुठेच ठळक दिलेली नाही, हा त्याचा मोठा दोष.

त्यात नियमही ढिले पाळले जातात. फेरीला रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नला द्यायचं प्रत्युत्तर) एकच. शील्ड हा स्पेल टाकून बचावाला +५ घेतलं की त्या फेरीत काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा) नाही. मिस्टी स्टेप (झटक्यात जागा बदलणारा स्पेल) बोनस अ‍ॅक्शनने टाकलं तर २०१४च्या नियमांत त्याच टर्नला फायरबॉल चालत नाही, फक्त कँट्रिप. आणि मार बसला की काँसंट्रेशनचा (चालू स्पेल टिकवायचा) सेव्ह: १० किंवा माराच्या निम्मं, जे जास्त असेल ते. हे तीन काटेकोर पाळले तरी विझर्ड बराच जमिनीवर येतो.

नवव्या लेव्हलनंतर तेही पुरत नाही. वॉल ऑफ फोर्स या जादूच्या भिंतीच्या स्पेलला सेव्हच नाही. चारातले दोन शत्रू भिंतीपलीकडे टाका, दहा मिनिटं निवांत.

२०२४च्या नव्या प्लेयर्स हँडबुकाने डागडुजी केली आहे, अर्धीमुर्धी. काउंटरस्पेलला आता कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आहे आणि फोर्सकेजला (जादूच्या पिंजऱ्याला) काँसंट्रेशन लागतं. फायटरला वेपन मास्टरी मिळाली: वार बसला की शत्रूला १० फूट ढकला किंवा आडवा पाडायचा प्रयत्न करा. माझ्या मते खरी कमाई टॅक्टिकल माइंड. फसलेल्या अ‍ॅबिलिटी चेकमध्ये सेकंड विंडचा (स्वतःला सावरायच्या क्षमतेचा) एक वापर खर्चून डी१० मिळवायचा, आणि तरीही फसलं तर वापर खर्ची पडत नाही. लढाईबाहेर फायटर अखेर काहीतरी करतो. विझर्डला मात्र कात्री लावायचं सोडून पाचव्या लेव्हलला शॉर्ट रेस्टमध्ये एक स्पेल बदलायची सोय वर दिली. फायरबॉल आहे तसाच.

फायटर खेळणार असाल तर २०२४चंच घ्या. फक्त विझर्डसाठी जुनं टाकून नवं घेण्यात अर्थ नाही. आधी एसआरडी ५.२ (नव्या नियमांचा मोफत संच) फुकट उतरवून बघा. त्यात वेपन मास्टरी आहे आणि प्रत्येक क्लासची एक सबक्लासही.