खाली बसायचं की वर जाऊन दाबायचं?

फुटबॉलचा सामना, समोर कोल्हापूरचा तगडा संघ, मैदान रत्नागिरीकडचं जांभ्या मातीचं, वेळ दुपारी ४ ची. ४-४-२ (मागे चार, मधे चार, पुढे दोन) लावून आपल्याच भागात बसायचं, की ४-३-३ ने त्यांच्या गोलसमोरच्या बॉक्सपाशी प्रेस करायचं, म्हणजे बॉल असलेल्यावर धावून जाऊन दबाव टाकायचा?

आधी दम बघा. या घामट हवेत तासाभराने प्रेसिंग ढिलं पडतं. पुढचे तिघं धावतात, मागचे चौघं जागीच राहतात, मधे २५-३० मीटरची मोकळी जागा पडते. चांगला प्लेमेकर (खेळ रचणारा मधला खेळाडू) नेमका तिथेच वळतो. म्हणून सतत धावू नका. थ्रो-इन किंवा उसळलेल्या बॉलवर त्यांच्या बॅकचा (डिफेन्डरचा) पहिला टच सुटला, की तुटून पडा आणि त्याच क्षणी डिफेन्स मध्यरेषेपाशी आणा. जांभ्यावर असे टच बरेच सुटतात.

खाली बसणं पायांना स्वस्त, डोक्याला महाग. डिफेन्स आणि मिडफिल्ड या दोन ओळींत १० मीटरच अंतर हवं. बॉल उजवीकडे गेला की डाव्या विंगरने मैदानाच्या मध्यापर्यंत आत यायचं. २०१० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बार्सिलोनात इंटर मिलानने १० जणांनिशी तासभर असंच धरलं. सामना ०-१ हरले, पण दोन सामन्यांत मिळून ३-२ ने फायनलला गेले. फसतं कुठे? क्लिअर केलेला (आपल्या गोलपासून लांब मारलेला) बॉल पुढे धरणारा नसेल तर तो लगेच परत अंगावर येतो.

सराव प्रेसलाच जास्त लागतो.

त्यांचा गोलकीपर पायाने कच्चा आणि आपली बेंच (बदली खेळाडू) भक्कम असेल, तर पहिली २० मिनिटं प्रेस. बेंच लहान, पण पुढे एक वेगवान पोरगा असेल तर खालीच बसा. समुद्राचा वारा तोंडावर असेल तेव्हाही खालीच, कारण त्यांचा लांब बॉल डिफेन्सच्या मागे वाहत जातो. मात्र आपले क्लिअरन्स तेव्हा उंच नकोत, जमिनीलगत विंगकडे काढा.