गूगल टास्क्स घ्यावं की क्लिकअप?

दोन्ही कामांच्या याद्या ठेवायची ॲप्स. 'सगळ्या ॲप्सच्या जागी एकच ॲप' अशी क्लिकअपची जाहिरातच आहे, आणि ते ती खरी करायला निघालेत: डॉक्युमेंट्स, चॅट, व्हाइटबोर्ड, टाइम ट्रॅकिंग, काय हवं ते आत. गूगल टास्क्सला असली हौस नाही. काम लिहा, तारीख टाका, झालं. खाली दोन ओळी तपशील, थोडी उपकामं, फार तर एखादा तारा. लेबलं नाहीत की प्राधान्याच्या पायऱ्या नाहीत. जीमेलमधली मेल मात्र थेट कामांत टाकता येते आणि तारखेचं काम कॅलेंडरवर दिसतं. एकट्या माणसाचं एवढ्यावर आरामात भागतं.

क्लिकअपमध्ये तेच काम आधी कुठे ठेवायचं ते ठरवा: वर्कस्पेस, त्यात स्पेस, हवं तर फोल्डर, मग लिस्ट. पुढे स्टेटस, प्रायॉरिटी, अंदाजे वेळ. भरायची सक्ती नाही, पण रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतातच. 'बँकेत फोन करणे' याची प्रायॉरिटी ठरवत बसलं की फोन राहून जातो.

मग एवढं ओझं घ्यावं कोणी? जीएसटीचं काम करणारं चार जणांचं ऑफिस घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्या क्लायंटचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेला, जीएसटीआर-३बी (गोषवारा आणि कर) २० तारखेला. दर महिन्याची आठवण दोन्ही ॲप्स देतात. गाडं अडतं ते मधल्या दिवसांत. बिलं आली का? एंट्री कोण करतंय? तपासलं कोणी? टास्क्समधली यादी सगळ्यांत वाटून घेता येत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फाइल कुणाकडे आहे?' सुरू होतं. क्लिकअपमध्ये 'बिलं यायचीत', 'एंट्री', 'तपासणी', 'भरलं' असे टप्पे करून प्रत्येक कामावर नाव टाकता येतं. इथे ते रकाने कामाला येतात.

काम तुमच्याच हातात सुरू होऊन तुमच्याच हातात संपत असेल, तर टास्क्स घ्या. बाकी ॲप्सचे व्हिडिओ बघूही नका. चार हातांतून जात असेल तर क्लिकअप, पण पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन नको ती क्लिकॲप्स (चालू-बंद करता येणाऱ्या जादा सोयी) बंद करा आणि नवे रकाने वाढवायची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा. असा माणूस ऑफिसात नसेल तर ट्रेलो हे कार्डांचं साधं ॲप बघा. कार्ड एका यादीतून पुढच्या यादीत सरकवायला कुणाला शिकवावं लागत नाही.