पुन्हा वाचायला लागले : किंडल पेपरव्हाइट

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्म्याचा नंबर बदलला, तरी जुन्या कादंबऱ्यांचा बारीक टाइप मला अर्ध्या तासाच्या वर झेपेना. त्यातून जाडजूड पुस्तक हातात धरलं की अंगठ्याचा सांधा ठणकायचा. वाचनालयातून आणलेली पुस्तकं न वाचताच परत जाऊ लागली. सदुसष्टाव्या वर्षी वाचन सुटतंय याचं फार वाईट वाटत होतं. तेव्हा पुण्याच्या लेकीनं किंडल पेपरव्हाइट, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, आणून दिलं. २०२१ साली आलेलं, ६.८ इंची पडद्याचं मॉडेल.

मोबाइलवर वाचताना डोळे चुरचुरतात, तेच इथंही होणार असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. या ई-इंकच्या पडद्यात काळे आणि पांढरे अतिसूक्ष्म कण असतात. विजेनं ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर तसंच राहायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. भर उन्हात ओसरीवर बसलं तरी पडदा चमकत नाही. रात्री उजेड मंद, पिवळसर करून घेते, यांची झोपमोड होत नाही.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट अक्षरांची. हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. माझ्या पानावर नऊ-दहाच ओळी मावतात, पण 'द्ध' आणि 'ध्द' मला पुन्हा वेगळे दिसतात! चाळीस वर्षं शुद्धलेखन तपासलेल्या बाईला हे केवढं आहे ते सांगता येत नाही. वजन २०५ ग्रॅम, अंगठा दुखत नाही.

मराठी पुस्तकं घेताना मात्र आधी नमुन्याची फुकट पानं उतरवून बघाच. एका प्रकाशकाचं ई-पुस्तक मी पैसे भरून घेतलं, तर आत छापील पानांचे नुसते फोटो. अक्षर तसूभर मोठं होईना. दुसऱ्या एकात रफार भलत्याच अक्षरावर बसलेले. मराठी वाचकाला असलं काही विकू नये. पीडीएफचंही तसंच, तिच्या ओळी नव्यानं मांडल्या जात नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठानची पीडीएफमधली मोफत पुस्तकं मी त्यामुळे पडदा आडवा करून वाचते. अर्धं पान दिसतं, पण नीट दिसतं.

आठ महिन्यांत एकवीस पुस्तकं झाली. एक अडचण राहिलीच. शेजारच्या वहिनी आणि मी तीस वर्षं एकमेकींना पुस्तकं देत आलोय. वाचून झालं की कुंपणावरूनच द्यायचं. आता मला आवडलेलं पुस्तक त्यांच्या हातात देता येत नाही. म्हणून दुपारी चारला त्या चहाला येतात आणि मी मोठ्यानं वाचते. सध्या सातवं प्रकरण चालू आहे.