करवंदाचं गुटी कलम: पाणी न पोचणाऱ्या जागेसाठी एक नंबर, पण काट्यांचं बघा

कंपाउंडच्या कडेला ती मुरमाड पट्टी असते ना, जिथे पाइप पोचत नाही आणि लॉन दर उन्हाळ्यात जळतं, तिथे करवंद लावा असं मी आता भेटेल त्याला सांगतोय. नर्सरीतून गुटी कलम (म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) आणलं, पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी दिलं, नंतर मुळं धरली आणि आता ऐन मे महिन्यात पाणी नसलं तरी पानं चकचकीत हिरवी, आणि ते बारमाही हिरवंच राहतं. सह्याद्रीच्या कातळावर वाढणारं झाड आहे, त्याला लाड नकोत, फक्त पूर्ण ऊन पाहिजे आणि मुळाशी पाणी साचता कामा नये, पाणी तुंबणारी जागा असेल तर घेऊच नका.

उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं घोसाने येतात, वास जाईच्या जवळ जाणारा, मला तर फळापेक्षा तेच जास्त आवडतं. फळ कच्चं तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात, म्हणून पूर्ण काळं होऊन हाताला मऊ लागेपर्यंत थांबा, मग काय गोड लागतं! अर्थात बुलबुल तुमच्या आधी पोचतात.

काटे मात्र खरंच जबरी आहेत, जोडीने येतात, कडक आणि लांब, त्यामुळे पायवाट किंवा मुलं खेळतात तिथून चांगलं लांब लावा. भिंतीलगत मात्र हेच काटे कामाला येतात, वेगळी तार ओढायला नको. छाटणी फळं संपल्यावर करायची, हातमोजे घालून, आणि कुंपणासारखं सारखं कातरत बसलात तर फुलंच कापली जातात, मग फळ कुठून येणार.

घेताना नीट बघून घ्या. करवंद म्हणून कधी कधी आफ्रिकेतलं नेटाल प्लम देतात, त्याची फुलं मोठी आणि फळ पिकल्यावर लाल, दिसतं छान पण आपलं करवंद नव्हे. मला आधी एका ठिकाणी पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेलं रोप दाखवलं होतं, ते मी परत दिलं, तसं रोप जमिनीत गेलं तरी मुळं खोल जात नाहीत आणि इथे सगळा खेळ मुळांचाच आहे. बियांची रोपं स्वस्त पडतात पण प्रत्येकाचं फळ वेगळं निघतं, म्हणून चांगल्या फळाच्या झाडाचं गुटी कलमच मागा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.