मानेत सरकलेला माशाचा काटा : एका कान-नाक-घसा विभागाचा अनुभव

आईच्या घशात माशाचा काटा अडकला, तेव्हा पहिल्या दवाखान्यात एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी झाली. दोन्हींत काहीच दिसले नाही, त्यामुळे काटा केव्हाच पोटात गेला असून आता उरला आहे तो केवळ ओरखडा, असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. पाच दिवसांनीही आई घोट घेताना मानेच्या डाव्या बाजूला त्याच जागी बोट ठेवत होती. त्यानंतर ज्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली, तिथल्या कान-नाक-घसा विभागाविषयी हे लिहीत आहे.

तिथल्या डॉक्टरांनी अहवाल पाहण्याआधी आईला "दुखते तिथे एका बोटाने दाखवा" असे सांगितले आणि लगेच मानेचा सीटी स्कॅन करून घेतला. थायरॉईड ग्रंथीच्या मागे एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. माशाचे पुष्कळसे काटे साध्या एक्स-रेत उमटत नाहीत, आणि गिळताना स्नायू हलत राहिल्याने अणकुचीदार काटा भिंत भेदून बाहेर सरकला, की आतून पाहणाऱ्या दुर्बिणीलाही तो सापडत नाही, हे त्यांनी पडद्यावर दाखवून समजावले. काटा तसाच राहिला तर गळू होऊ शकते, पू छातीत उतरू शकतो, क्वचित मानेतल्या मोठ्या धमनीलाही इजा होते, हे त्यांनी लपवले नाही. शस्त्रक्रियेने आवाज बसण्याचा धोकाही आधीच सांगितला. कोरडा घास गिळल्याने काटा आणखी आत रुतू शकतो, हे ऐकून मात्र मला फार वाईट वाटले, कारण आईला तसे घास मीच भरवले होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा स्कॅन झाला, कारण दरम्यान काटा जागा बदलू शकतो. ही खबरदारी मला सर्वांत मोलाची वाटते. मानेवरच्या वळीतच छेद घेतल्याने आज व्रण शोधावा लागतो. काढलेला काटा आम्हाला पारदर्शक डबीत दाखवला : जेमतेम दोन सेंटीमीटर, किंचित बाकदार, एक टोक सुईसारखे. अन्ननलिकेची जखम भरेपर्यंत आईला नाकातल्या नळीतून अन्न दिले आणि तपासणीत कुठेही गळती नाही याची खात्री झाल्यावरच तोंडाने पाणी दिले.

एक उणीव सांगायलाच हवी. शस्त्रक्रिया तीन तास चालली आणि तेवढ्या वेळात बाहेर थांबलेल्या आम्हाला कोणीही काही कळवले नाही. परिचारिकेने दाराशी येऊन "काटा मिळाला" एवढे दोन शब्द सांगितले असते, तरी पुरेसे होते.