डेव्हिसची वाट की नादियाची? अकादमीचा फॉर्म भरण्याआधी

पोराला दहावीनंतर निवासी फुटबॉल अकादमीत घालायचं, की कॉलेज सांभाळून जमेल तेवढं खेळू द्यायचं? घरात हा वाद पेटला की दोन्ही बाजूंना दाखले सापडतात. मुलगा म्हणतो, कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस, त्यानं चौदाव्या वर्षी घर सोडलं. आई म्हणते, डेन्मार्कच्या नादिया नादिमनं गोलही मारले आणि डॉक्टरही झाली. दोघंही निर्वासित कुटुंबातली, दोघांच्याही घरी सुरुवातीला हातात काही नव्हतं. त्यामुळे ‘त्यांना जमलं तर आपल्याला का नाही’ हे वाक्य ठरलेलंच. तिथेच जरा थांबावं, कारण त्या दोघांचं कसं जमलं याचा हिशेब अगदी वेगवेगळा आहे.

आधी डेव्हिस. लायबेरियातल्या यादवीतून आईवडील जीव घेऊन निघाले आणि घानातल्या बुडुबुराम छावणीत पोचले. तिथेच २ नोव्हेंबर २००० रोजी त्याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंबाला कॅनडानं आसरा दिला. आधी विंडसर, मग एडमंटन. आईबाप कामावर गेले की धाकट्या भावंडांना हाच सांभाळायचा, अगदी लंगोट बदलण्यापासून. क्लबची फी, बूट, मैदानापर्यंतचा प्रवास, यातलं काहीही या घराला झेपणारं नव्हतं. त्याला वाट मिळाली ती शाळा सुटल्यावर चालणाऱ्या ‘फ्री फुटी’ नावाच्या मोफत लीगमुळे. पुढे २०१५ मध्ये व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या निवासी अकादमीनं त्याला उचललं. आई लगेच राजी झाली नव्हती, पोरगं अजून लहान आहे हे तिचं म्हणणं होतं. मात्र त्या अकादमीचा खर्च क्लब करत होता. डेव्हिसच्या गोष्टीतलं हे वाक्य आपल्याकडे सगळे गाळतात.

नंतरचा वेग डोळे दिपवणारा आहे. जुलै २०१६ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो अमेरिका-कॅनडातल्या एमएलएस या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. २०१८ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकनं त्याच्यासाठी बोनस धरून २ कोटी २० लाख डॉलरपर्यंतचा सौदा केला. एमएलएसमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूसाठी तेव्हा हा विक्रम होता. म्युनिकमध्ये बचावपटू जायबंदी झाले म्हणून कडेनं हल्ला चढवणाऱ्या या विंगरला लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बचावात, खेळवलं आणि तीच त्याची जागा झाली. १४ ऑगस्ट २०२०, लिस्बन, समोर बार्सिलोना. डाव्या टचलाइनपाशी नेल्सन सेमेदोला हुलकावणी देऊन तो गोललाइनच्या कडेकडेनं आत शिरला आणि संघातल्या किमिशला असा पास दिला की त्याला फक्त पाय लावायचा होता. सामना बायर्ननं ८-२ जिंकला. त्या मोसमात बायर्ननं चॅम्पियन्स लीगही जिंकली. हे बघून कुठल्याही पोराचं डोकं फिरेल, त्यात त्याची चूक नाही.

नादियाची गोष्ट दुसऱ्या टोकाची. १९८८ मध्ये हेरातला जन्म. वडील अफगाण सैन्यात जनरल होते, तालिबाननं त्यांना २००० साली मारलं. आई पाच मुलींना घेऊन पाकिस्तानमार्गे खोट्या पासपोर्टवर इटलीत आली. तिथून ट्रकमध्ये बसले तेव्हा लंडनला जातोय असं वाटत होतं, उतरले ते डेन्मार्कमध्ये. छावणीशेजारी एका क्लबचं मैदान होतं आणि तिथे सराव करणाऱ्या मुली बघून हिला नाद लागला. २००९ मध्ये ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात आली. २०१७ च्या महिला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध पहिला गोल तिचाच, पेनल्टीवर. सामना मात्र ४-२ असा हरले. पोर्टलँड, मँचेस्टर सिटी, पॅरिस सेंट-जर्मेन असे मोठे क्लब तिनं केले आणि आरहूस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणही चालू ठेवलं. डिग्रीला वर्षानुवर्षं लागली. जानेवारी २०२२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ती डॉक्टर झाली.

याला लोक जिद्द म्हणतात. जिद्द आहेच, पण व्यवहारही आहे. तिच्या उमेदीच्या काळात महिला फुटबॉलमध्ये निवृत्तीनंतर घर चालेल एवढा पैसा फार थोड्याजणींना मिळत होता. सतरा वर्षांच्या मुलीसाठी कोटीच्या कोटी मोजणारा क्लब तेव्हा नव्हताच. डेव्हिससारखी उडी मारायची वाटच तिला उपलब्ध नव्हती.

खरी तुलना करायची तर गुडघ्याची करा. दोघांचंही एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, फाटलं. नादियाचं सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि पाय बरा होत असतानाच तिची वैद्यकीय पदवी पूर्ण झाली. डेव्हिसचं मार्च २०२५ मध्ये, कॅनडाकडून खेळताना. जेमतेम दीड महिन्यापूर्वीच त्यानं बायर्नशी २०३० पर्यंतचा करार केला होता. म्हणजे पडल्यावर एकीच्या हाताशी डिग्री होती, दुसऱ्याच्या हाताशी करार. आपल्या पोरापाशी सतराव्या वर्षी यातलं काय असणार आहे? डेव्हिसला तर कोविडनंतर २०२२ च्या सुरुवातीला हृदयाच्या स्नायूला सूज आल्यानंही काही महिने बाहेर बसावं लागलं होतं. इतक्या धडधाकट, इतक्या वेगवान माणसाला.

मधली वाट आहे का? फ्रान्सचा मिडफिल्डर एदुआर्दो कामाविंगा बघा. अंगोलातल्या निर्वासित छावणीत जन्म, लहानपणीच फ्रान्स, फुजेर गावात घर जळून खाक. रेन क्लबच्या अकादमीत वाढला, सोळाव्या वर्षी वरिष्ठ संघात, आणि तरी शाळा सुटली नव्हती. फ्रान्समध्ये क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षणाची सोय असावीच लागते. आपल्याकडे नवी मुंबईच्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्ससारख्या ठिकाणी निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते आणि शाळाही चालते. पण तिथे निवड व्हावी लागते. दर वर्षी जाहिरात करून जागा भरणाऱ्या आणि तगडी फी घेणाऱ्या अकादम्या ही वेगळी जात.

म्हणून माझी कसोटी एकच, आणि ती रुक्ष आहे: पैसे कोण देतंय? क्लब किंवा संस्था तुमच्या मुलावर स्वतःचा पैसा लावत असेल, तर खेळ कळणाऱ्या कुणाला तरी त्याच्यात काही दिसलंय. मग डेव्हिसच्या वाटेचा विचार करा, शाळेची सोय विचारून घ्या आणि जाऊ द्या. तुम्हीच फी भरत असाल, तर मुलाची निवड झालेली नाही, तुम्ही गिऱ्हाईक आहात. मग नादियाची वाट धरा. कॉलेजात नाव घाला, संध्याकाळी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघातून खेळू द्या, आंतरविद्यापीठ स्पर्धा बघा. कोल्हापुरात तर तालमींच्या संघांतून खेळत शिकणारी मुलं घराघरात सापडतील.

‘वर गेलं की लाइफ सेट’ या भरवशाबद्दल एवढंच, की २०२५ मध्ये आयएसएलचाच (इंडियन सुपर लीग) हंगाम व्यावसायिक हक्कांच्या घोळात लांबणीवर पडला होता. देशातली सर्वांत वरची लीग, आणि खेळाडूंना सामने कधी ते ठाऊक नव्हतं.

मुलगी असेल तर पैशाच्या कसोटीनंतरही मी शिक्षणाकडेच झुकेन, तिला खेळ कमी येतो म्हणून नव्हे तर बाजार अजून लहान आहे म्हणून. आणि मुलगा असो की मुलगी, ‘कॉलेजमुळे सराव बुडतो’ अशी कुरकुर अकादमीच्या सरांनी केली, तर फॉर्मवर सही करण्याआधी त्यांना विचारून घ्या: उद्या गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार, आणि भरलेली फी परत मिळणार का?