राउंडर्सचा शाळेसाठीचा संच : बॅटी घ्या, बाकीचं सोडा

राउंडर्स म्हणजे एका हाताने बॅट फिरवून बॉल मारायचा आणि चार पोस्टांना (खांबांना) वळसा घालत पळायचा खेळ. ‘स्कूल राउंडर्स सेट’ म्हणून ऑनलाइन जो संच मिळतो त्यात दोन बॅटी (एक लाकडी, एक अॅल्युमिनियमची), दोन चामड्याचे बॉल, तळव्यासकट चार पोस्ट आणि एक पिशवी येते. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना बॅटिंग शिकवायला तो उपयोगी पडतो का, एवढंच इथे तपासलं आहे. हा संच सामन्याचा आहे, वर्गाचा नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी बॅट, कारण ती खरंच चांगली आहे. नियमाप्रमाणे बॅटीची लांबी जास्तीत जास्त ४६० मिलिमीटर, सर्वांत जाड भागाचा घेर १७० मिलिमीटर आणि वजन ३७० ग्रॅमपर्यंत चालतं. दोन्ही बॅटी या मापात बसतात. आठवीतल्या बारीक मनगटाच्या मुलांसाठी मात्र वजनाची कमाल मर्यादा गाठणारी बॅट नको. मुलाला एका हाताने बॅट खांद्याच्या रेषेत समोर धरायला लावा आणि दहा आकडे मोजा. त्याआधी टोक खाली झुकलं, तर ती बॅट त्या हाताची नाही. अॅल्युमिनियमची बॅट हलकी वाटते, पण पोचा पडला की बॉल तिरका सुटतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती मैदानावर पडून राहिली तर हात लावायची सोय नाही. लाकडी बॅटीचं दुखणं वेगळं. आपल्या पोरांना क्रिकेटमधला गार्ड घेण्याचा हात असतो. राउंडर्सची बॅट हातात आली तरी ती खाली ठकठक करतात. कोकणात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या शाळांत मैदान म्हणजे चिऱ्याचीच भुई, त्यामुळे बॅटीचं टोक आधी झिजतं आणि मग तिथूनच उभी चीर जाते. टोकाला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि ठकठक पहिल्याच तासाला बंद करा. मुठीचं रबर घामाने फिरतं, त्यावर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली की प्रश्न मिटतो.

बॉलवर मात्र नाराजी आहे. नियमात बॉलचा घेर १८० ते २०० मिलिमीटर आणि वजन ७० ते ८५ ग्रॅम. कोरडा असताना हा बॉल मापात भरतो. पण जून ते सप्टेंबर कोरडं काय असतं? ओल्या गवतावर दोन तास खेळलं की चामडं पाणी पितं, शिवण फुगते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर बॉल ८५ ग्रॅमच्या वर जातो. असा जड बॉल नवख्याच्या बोटांवर आदळला की तो मुलगा पुढचे पंधरा दिवस डोळे मिटूनच बॅट फिरवतो. शिकवताना साधा टेनिस बॉल वापरा. तो साधारण ५६ ते ५९ ग्रॅमचा, म्हणजे हलका, आणि घेराने थोडा मोठा असतो, त्यामुळे दिसायला आणि लागायला सोपा. गावातल्या स्पर्धांतला हेवी टेनिस बॉल नको. चामड्याचा बॉल गणेशचतुर्थीनंतर मैदान वाळलं की शेवटच्या टप्प्यात काढा.

आता आकड्यांचा हिशोब. वर्गात चाळीस मुलं आणि बॅटी दोन. एकाने मारायचं आणि बाकीच्यांनी उन्हात उभं राहायचं, यात बॅटिंग कोणी शिकत नाही. पाच-पाच जणांचे आठ गट करा: बॅटर, बॉल देणारा, बॅकस्टॉप (बॅटरच्या मागे बॉल अडवणारा) आणि दोन फील्डर. प्रत्येकाला सहा बॉल, मग सगळ्यांनी जागा बदलायची. म्हणजे आठ बॅटी आणि निदान सोळा टेनिस बॉल लागतात. तेव्हा सुट्या बॅटी घेणंच परवडतं. पैसे कमी असतील तर चार बॅटी घ्या आणि उरलेल्या गटांना सुताराकडून प्लायवूडची हातभर लांब, रुंद फळीची बॅट करून द्या. रुंद फळीला बॉल लागतो, त्यामुळे कच्च्या मुलांना तीच आधी द्यावी. सगळ्या गटांचे बॅटर एकाच दिशेला मारतील असे उभे करा, आणि पाळीची वाट बघणारं कोणी बॅटरच्या मागे किंवा बाजूला फिरकू देऊ नका. घामट हातातून सुटलेली बॅट बॉलपेक्षा जास्त लागते.

शिकवण्याचा क्रम बॅटीइतकाच महत्त्वाचा, आणि संचासोबतच्या पत्रकात त्याबद्दल अक्षर नाही. बॅट एका हाताने, हस्तांदोलन करावं तशी धरायची. उजव्या हाताच्या मुलाने डावा खांदा बॉलरकडे करून आडवं उभं राहायचं. पाय खांद्याइतके फाकलेले, भार मागच्या पायावर, बॅट मागे खांद्याच्या उंचीवर, कोपर अंगापासून सुटं. पहिला टप्पा थांबलेल्या बॉलचा: खुर्चीवर वाहतुकीचा रबरी शंकू ठेवून त्याच्या टोकावर बॉल, उंची कमरेच्या थोडी वर. दुसऱ्या टप्प्यात जोडीदार तीन-चार मीटरवरून खालून हळू बॉल देतो. दहापैकी सहा-सात बॉल नीट लागू लागले की मगच ७.५ मीटर, म्हणजे बोलिंगच्या चौकोनापासून बॅटिंगच्या चौकोनापर्यंतचं सामन्यातलं अंतर. घाई इथेच होते. पहिल्याच तासाला ७.५ मीटरवरून बॉल टाकला की निम्मा वर्ग हवेत बॅट फिरवतो.

क्रिकेटची सवय इथे मदतही करते आणि नडतेही. नजर तयार असते, पण मुलं टप्प्याची वाट पाहतात, आणि राउंडर्समध्ये बॉल टप्पा न खाता येतो. डोक्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली आला तर तो नो बॉल. सरळ बॅटने अडवण्यातही काही मिळत नाही, कारण चांगला बॉल एकच मिळतो आणि तो लागो न लागो, पळावंच लागतं. पुढचा पाय टाकून बॅट आडवी फिरवायची, बॉल अंगाच्या पुढे असताना मारायचा आणि हात फटक्याच्या दिशेने पुरा जाऊ द्यायचा. उशीर झाला की बॉल उजवीकडे पहिल्या पोस्टच्या बाजूला जातो, जिथे आपल्यालाच पळायचं असतं. त्याहून उशीर झाला की तो मागे जातो, आणि मग बॉल पुढच्या भागात परत येईपर्यंत पहिल्या पोस्टवर अडकून पडावं लागतं. क्रिकेटमध्ये टाळ्या मिळवणारा लेट कट इथे असा अंगाशी येतो. डावं पाऊल किती वळवलं यावर फटक्याची दिशा बऱ्यापैकी ठरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पोस्टच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाऊल टाकायला लावा. मारून दुसरा पोस्ट गाठला तर अर्धा राउंडर (म्हणजे अर्धा गुण), चौथा गाठला तर पूर्ण, हे कळलं की मुलं जोरापेक्षा जागा बघू लागतात.

चुका ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बॉल सारखा वर उडतो, तर मागचा खांदा पडतोय. सारखा जमिनीत जातो, तर बॅट कुऱ्हाडीसारखी वरून येते आहे. बॅटीच्या मुठीजवळ लागतो, तर मुलगा बॉलला चिकटून उभा आहे. बॅटिंगचा चौकोन २ मीटरचा, तो चुन्याने आखूनच सराव घ्या. मारण्याआधी पाय पुढच्या किंवा मागच्या रेषेबाहेर गेला तर बॅटर बाद होतो, आणि आखलेलं नसेल तर ही खोड सामन्यातच कळते. मारल्यावर बॅट फेकून पळणं तर हमखास. बॅट हातात घेऊनच पळायचं, हे पहिल्या दिवसापासून.

पोस्टसाठी पैसे घालू नका. १.२ मीटर उंची बरोबर आहे, पण प्लॅस्टिकचा पोकळ तळ सड्यावरच्या वाऱ्याला टिकत नाही, आणि वाळू भरली तरी फील्डरने बॉल टेकवायला हात घातला की कलंडतो. घमेल्यात सिमेंट ओतून पाइप रोवला की काम भागतं. वाळल्यावर घमेलं पालथं घालून काढा, तळ बसका आणि कडा गोल राहतात, पाय अडखळत नाही.

लाकडी बॅटीला मे महिन्यात जवसाच्या तेलाचा हात द्या आणि पावसाळ्यात ती संचातल्या पिशवीत कोंबू नका. पिशवी प्लॅस्टिकची आहे, आठवड्यात बुरशी धरते. खिळ्याला टांगा.